पद्मनाभरावांचे तीन लखोटे

हुबळीतल्या उणकलच्या तळ्यावरून वारा सुटला की पद्मनाभ नरगुंदकरांच्या घरातले सगळे कागद एकदम फडफडायचे आणि लगेच गप्प व्हायचे. कारण त्या घरात वजनाशिवाय ठेवलेला कागद नव्हता. टेबलावरच्या गठ्ठ्यावर पितळी गडू, खिडकीतल्या फाइलीवर नदीतला गोटा, कपाटावरच्या नकाशांवर बिनकामाचं जुनं कुलूप. सुपारी कातरायला अडकित्ता हवा असला तर श्यामलाबाईंना आधी तो कुठल्या फाइलीवर बसला आहे ते शोधावं लागे, आणि कातरून झाली की परत तिथेच नेऊन बसवावा लागे. संसाराला तीस वर्षं होत आली होती. त्या आता काही बोलत नसत. फक्त अडकित्ता जरा जोरात आपटत.

२००१ सालच्या उन्हाळ्यात मात्र त्या घरात माणसाला बसायला जागा उरली नाही. एकुलती एक मुलगी उत्तरा अमेरिकेला शिकायला निघाली होती. निघाली होती म्हणजे काय, तिकडच्या विद्यापीठाचं पत्र आलं होतं. जागा दिली आहे, अर्धी फीही माफ केली आहे, पण दोन गोष्टी पाठवा. एक, इंजिनियरिंगच्या चारही वर्षांच्या गुणांचे उतारे, इकडच्या विद्यापीठाने स्वतः लखोट्यात बंद करून, झाकणावर सही-शिक्का मारून दिलेले, दोन प्रती. दुसरी, पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढा पैसा आहे असा बँकेचा दाखला, तोही तसाच बंद लखोट्यात. तिन्ही लखोटे तीस एप्रिलच्या आत तिकडच्या टेबलावर पोचले, तर व्हिसासाठी लागणारा कागद तिकडून सुटेल. नाही पोचले, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, पण माफ झालेली अर्धी फी पुन्हा माफ होईलच असं कुणी लिहून दिलं नव्हतं. आणि ती अर्धी फी नसेल तर नरगुंदकरांच्या घरातून अमेरिका दिसतही नव्हती.

हे उत्तराला पाठ होतं. झोपेतून उठवलं तरी तिने तीस एप्रिल म्हणून सांगितलं असतं.

पैशाची बाजू आधी लागली, आणि ती अप्पांनी, म्हणजे पद्मनाभरावांनी, एकहाती लावली हे तिलाही कबूल करावं लागलं. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण घर तारण ठेवून. घर म्हणजे उणकलची जागा, अप्पांनी १९८४ साली शेताचे तुकडे पडत होते तेव्हा घेतलेली. बँकेचा वकील म्हणाला, तीस वर्षांचे कागद लागतील, मूळ मालकापासून. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात. अप्पांचा फुलला. ते घरी आले, लोखंडी कपाट उघडलं, आणि एक निळी फाइल काढून दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाच्या पुढ्यात ठेवली. खरेदीपत्र, त्याआधीचं खरेदीपत्र, त्याच्याही आधीचं वाटणीपत्र, वर्षावर्षाची कराची पावती, बोजा नसल्याचा दाखला. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा, आणि पहिल्या पानावर आकड्यांची यादी. वकिलाने चष्मा काढून पुसला.

"सर, हे तुम्ही कशासाठी करून ठेवलं होतं?" त्याने विचारलं.

"कशासाठी म्हणजे?" अप्पांना प्रश्नच कळला नाही.

लोक ज्या कामासाठी तीन-तीन महिने खेटे घालतात ते नऊ दिवसांत झालं. कर्ज मंजूर झालं, अप्पांच्या निवृत्तीच्या पैशांची मुदतठेव त्याला जोडली, आकडा बसला. त्या दिवशी उत्तराने आईला म्हटलंही, "आई, अप्पांच्या या वेडाचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं बघ."

श्यामलाबाई म्हणाल्या, "थांब जरा. अजून एप्रिल जायचाय."

हे वेड कुठून आलं ते सांगायला हवं. पद्मनाभराव अळणावरच्या अलीकडच्या एका लहानशा गावातले. शाळामास्तरांचा मुलगा, अक्षर वळणदार, म्हणून चोविसाव्या वर्षी धारवाडच्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूममध्ये चिकटले. रेकॉर्ड रूम म्हणजे काय, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांचं रान. वास कापराचा आणि धुळीचा. त्या रानात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि अव्वल कारकून होऊन बाहेर पडले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांच्या हातून एक बंद लखोटा वर गेला. टपाल म्हणून आला, त्यांनी न उघडता नोंद केली, साहेबांकडे पाठवला. आत चंद्रभागा नावाच्या एका विधवेच्या पेन्शनचे कागद असायला हवे होते. होते भलत्याच कुणाचे. तिचे कागद भलत्या तालुक्याला जाऊन पडले. ती बाई चौदा महिने कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. रोज विचारायची, "आलं का हो?" आणि पद्मनाभराव रोज सांगायचे, "अजून नाही." चौदा महिने हे सांगून माणसाचं काहीतरी होतं. त्यानंतर पद्मनाभरावांनी बंद लखोटा कधी पुढे सरकवला नाही. उघडायचा, वाचायचा, लाल पेन्सिलीने खूण करायची, खाली 'तपासले' लिहून सही-तारीख घालायची, मगच पुढे. साहेब बदलले, कचेरी बदलली, सरकारं बदलली. ही रीत बदलली नाही. पाहिल्याशिवाय सही नाही, आणि सहीशिवाय कागद नाही.

उत्तराला ही गोष्ट माहीत होती. लहानपणी ऐकून तिला वाईटही वाटलं होतं. पण शाळेच्या सहलीच्या परवानगीचा कागद अप्पा दोन दिवस वाचत बसले आणि सहल निघून गेली, तेव्हापासून वाईट वाटणं जरा कमी झालं होतं.

गुणांच्या उताऱ्यांसाठी मार्चचा सगळा महिना गेला. चलन भरायचं एका ठिकाणी, त्याचा शिक्का दुसऱ्या ठिकाणी, अर्ज तिसऱ्या. हुबळीहून धारवाडची बस, बसमधून उतरून चढण, चढणीवरून खिडकी, खिडकीवरून "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. उत्तराने ते दोन शब्द इतक्या वेळा ऐकले की तिला वाटायला लागलं, कन्नडमध्ये नमस्काराला बहुतेक हेच म्हणत असावेत. शेवटी तीन एप्रिलला दुपारी दोन जाड पिवळे लखोटे तिच्या हातात पडले. झाकणावर आडवी सही, सहीवर निळा गोल शिक्का, शिक्क्यावर चकचकीत चिकटपट्टी. बँकेचा लखोटा सकाळीच मिळाला होता. तिने तिन्ही लखोटे छातीशी धरून बसचा प्रवास केला. घरी येऊन अप्पांच्या टेबलावर ठेवले, आणि कुरिअरचे दर विचारायला म्हणून मैत्रिणीच्या घरी फोन करायला गेली. घरचा फोन आठवडाभर बंद होता.

जाताना तिने सांगितलं होतं. "अप्पा, हे उद्या जायचे आहेत."

"हो, हो. बघतो," अप्पा म्हणाले होते.

'बघतो' म्हणजे बघतो, हे रेकॉर्डमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मुलीला कळायला हवं होतं. पण ती तासाभराने परत आली तेव्हा फार उशीर झाला होता.

टेबलावर तिन्ही लखोटे ओळीने ठेवलेले. तिन्हींची एक बाजू ब्लेडने इतकी सरळ कापलेली की पट्टी लावून रेघ मारल्यासारखी. आतले कागद बाहेर काढून, घड्या मोडून, सपाट करून ठेवलेले. त्यांच्यावर पितळी गडू. आणि अप्पा खुर्चीत बसून, चष्मा नाकाच्या टोकावर, आठव्या सत्राच्या शेवटच्या आकड्यावर लाल पेन्सिलीने खूण करत होते.

"झालं," ते म्हणाले. "एकही चूक नाही. तुझ्या गुणपत्रिकांशी एक-एक आकडा ताडून बघितला. बँकेनेही बेरीज बरोबर केलीय."

उत्तराने कागद बघितले. प्रत्येक गुणासमोर बारीक लाल खूण. प्रत्येक पानाच्या तळाशी, तिकडच्या विद्यापीठाला कधीही न कळणाऱ्या मराठीत, वळणदार अक्षरात: 'तपासले. बरोबर आहे. प. न. ३/४/२००१.'

तिने कापलेला एक लखोटा उचलून अप्पांपुढे धरला. मग एकदम बोलली.

"अप्पा, हे बंद राहायला हवे होते! बंद! उघडला की तो कागद मेला. त्या झाकणावर सही कशाला केली होती त्यांनी? कुणी उघडू नये म्हणूनच ना?"

"मी कुणी आहे का?" अप्पा खरोखरच चकित झाले होते. "मी तुझा बाप आहे. न बघता पाठवायचं? आत दुसऱ्याच मुलीचे गुण असते तर? तू तिकडे गेली असतीस आणि तिकडे बसून सांगितलं असतंस, अजून आलं नाही म्हणून?"

"नाहीत ना दुसऱ्याचे? बघितलंत ना? एक तरी चूक सापडली का?"

"नाही सापडली. पण ती उघडल्यावरच कळलं की."

 उत्तरा डोक्याला हात लावून जमिनीवर बसली. श्यामलाबाई स्वयंपाकघरातून आल्या, कापलेले लखोटे बघितले, नवऱ्याकडे बघितलं.

"तरी बरं, माझं लग्नाचं पत्र तुमच्या हातात नव्हतं पडलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी अजून माहेरीच असते, लाल खूण घेऊन."

बँकेचं काम दुसऱ्या दिवशीच झालं. मॅनेजरने कपाळावर आठ्या घातल्या, पण नवा दाखला अर्ध्या तासात बंद करून दिला. दिला तो उत्तराच्या हातात. विद्यापीठात मात्र अप्पा स्वतः आले. "चूक माझी," ते बसमध्ये म्हणाले, "मी बोलतो." उत्तराला तेव्हाच पुढचं सगळं दिसलं होतं, पण बस सुटली होती.

खिडकीच्या आत शेषगिरी नावाचा कारकून होता. पन्नाशीचा, पानाने ओठ लाल झालेला, माणूस चांगला. त्याने कापलेले लखोटे उलटसुलट केले, लाल खुणा बघितल्या, आणि आदराने उठून उभा राहिला.

"कूडरी, सर, बसा. रेकॉर्डला होता का तुम्ही?"

"चौतीस वर्षं."

"वाटलंच. खुणेवरून कळतं." शेषगिरीने आवाज खाली आणला. "हे बघा, सर. पुन्हा द्यायचे तर कारण लिहून द्यावं लागतं. लिहा, उंदरांनी कुरतडले. तेवढं असलं की मीच दुसरी प्रत काढतो, संध्याकाळी सही, उद्या घेऊन जा. खरं कारण लिहिलंत तर ती फाइल होते. फाइल वर जाते. वर गेलेली फाइल कधी खाली येते ते तुम्हाला मी सांगायला नको."

उत्तराने मनातल्या मनात शेषगिरीला साष्टांग नमस्कार घातला. उंदीर! किती सोपं. एक ओळ, आणि उद्या लखोटे हातात.

अप्पांनी कापलेल्या लखोट्यांकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी भरचौकात त्यांच्या खांद्यावर थुंकलं.

"माझ्या घरात उंदीर नाहीत," ते म्हणाले.

"अहो, सर, लिहायचं फक्त..."

"चौतीस वर्षं मी उंदीर शिरू दिला नाही. एक गठ्ठा कुरतडला गेला नाही माझ्या कारकिर्दीत. विचारा धारवाडात कुणालाही. आणि आता स्वतःच्या हाताने लिहू, की नरगुंदकराच्या टेबलावरचे कागद उंदरांनी खाल्ले?"

"अप्पा," उत्तरा दात आवळून म्हणाली, "उंदराचं नाव आहे फक्त. खरा उंदीर नाही."

"खरा असता तर लिहिलं असतं."

शेषगिरीने उत्तराकडे बघितलं. त्या नजरेत सहानुभूती होती, आणि हतबलताही. त्याने एक कोरा कागद पुढे सरकवला. अप्पांनी कन्नडमध्ये लिहायला घेतलं, कारण कचेरीची भाषा ती. आधी दोन पानं झाली: नोकरी केव्हा लागली, रीत काय होती, का होती. शेषगिरीने ती वाचली आणि हात जोडले. "सर, एवढं कुणी वाचणार नाही. एका ओळीत द्या." अप्पांनी दोन्ही पानांची घडी करून खिशात घातली. चौतीस वर्षांत त्यांनी कितीतरी ज्युनियरांकडून असे खुलासे लिहून घेतले होते. स्वतः कधी दिला नव्हता. पेन कागदावर टेकवून ते इतका वेळ थांबले की शाईचा ठिपका पसरला. मग लिहिलं: 'सदर दोन्ही लखोटे मी, अर्जदाराच्या वडिलांनी, ब्लेडने उघडले. अर्जदाराची यात चूक नाही.' खाली सही, तारीख.

त्या एका ओळीने वीस दिवस खाल्ले.

फाइल वर गेली. वर ज्यांची सही हवी ते परीक्षेच्या कामात होते. मग महावीर जयंती आली. मग गुड फ्रायडे, त्याला जोडून आंबेडकर जयंती, त्याला जोडून रविवार. उत्तरा एक दिवसाआड बसने जायची, खिडकीपाशी उभी राहायची, शेषगिरी वर बोट दाखवायचा. घरी आली की अप्पा विचारायचे, "काय म्हणाले?" आणि ती उत्तर न देता आत जायची. तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. जेवायला वाढताना "भात?" एवढंच. अप्पाही ताटावर खाली मान घालून "थोडा" एवढंच. श्यामलाबाई दोघांच्या मध्ये बसून दोघांवर चिडायच्या.

"एक उंदीर लिहिला असता तर काय बिघडलं असतं?" एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जन्मभर कागद सांभाळलेत. एक मुलगी सांभाळता येत नाही?"

अप्पा ताटावरून उठले. आमटी तशीच राहिली.

चोवीस एप्रिलला दुपारी दोन नवे लखोटे मिळाले. शेषगिरीने ते खिडकीतून देताना उत्तराच्या हातावर आपला हात क्षणभर ठेवला आणि म्हणाला, "अक्का, हे थेट पोचव. घरी नेऊ नको." ती म्हणाली, "नाही नेत." पण बँकेचा लखोटा घरी होता, कुरिअरचे पैसेही घरी होते, त्यामुळे न्यावंच लागलं. त्या रात्री तिने तिन्ही लखोटे उशीखाली घेतले. सव्वीसला बसव जयंती, सगळं बंद. म्हणजे पंचवीसलाच टाकायला हवं, आणि पाच दिवसांत पोचायला हवं. मधे एका दिवसाचंही अंतर उरलं नव्हतं.

पंचवीसला दुपारी अप्पा पायजमा बदलून, शर्ट इस्त्री करून दारात उभे राहिले.

"मी एकटी जाते," उत्तरा म्हणाली. वीस दिवसांतलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

"पैसे माझ्याकडे आहेत," अप्पा म्हणाले.

कुरिअरचं दुकान दुर्गदबैल बाजाराच्या पलीकडच्या गल्लीत, एका कापडाच्या पेढीच्या वरच्या मजल्यावर. खाली हातगाड्या, रिक्षा, हापूसच्या पेट्या, एकमेकांना कन्नडमध्ये शिव्या आणि मराठीत हिशोब. वर एक टेबल, एक वजनकाटा आणि रेखा नावाची, साधारण पस्तिशीची, अतिशय घाईत असलेली बाई. साडेपाचला बेळगावची गाडी निघायची, आणि पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

रेखाने तिन्ही लखोटे एका मोठ्या पाकिटात टाकण्याआधी काट्यावर ठेवले, वजन लिहिलं, आणि हात पुढे केला. "उघडून दाखवा. आत काय आहे ते बघावं लागतं. परदेशी टपालाला नियम आहे."

उत्तराने काट्यावरच्या लखोट्यांवर हात ठेवला. पण ती बोलायच्या आधीच अप्पा बोलले.

"हे उघडायचं नसतं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एवढी धार होती की खालच्या पेढीतला नोकर वर बघायला लागला. "झाकणावर सही आहे. दिसत नाही? उघडलं की कागद मेला."

उत्तराने बापाकडे बघितलं. हसावं की रडावं हे तिला कळेना. खरं म्हणजे वजनकाटा उचलून कुठेतरी फेकावा असं वाटत होतं.

"मग इथे सही करा," रेखा म्हणाली आणि एक छापील कागद पुढे केला. "पाठवणाऱ्याने. 'आतील सर्व कागद मी स्वतः पाहिले आहेत आणि ते वर लिहिल्याप्रमाणे आहेत.' सही, नाव, तारीख. मग मी उघडत नाही."

अप्पांनी चष्मा लावून वाक्य वाचलं. मग परत वाचलं. खिशातून पेन काढलं.

"'पाहिले आहेत' खोडून 'पाहिलेले नाहीत' करतो," ते म्हणाले. "आणि खाली लिहितो, की आत माझ्या मुलीच्या गुणांचे उतारे असावेत."

"खाडाखोड चालत नाही, सर. आणि 'असावेत' तर मुळीच चालत नाही. बेळगावला अडवतील."

"पण मी पाहिलेले नाहीत."

"मग उघडा."

"उघडता येत नाहीत!"

"सर," रेखा घड्याळाकडे बघत म्हणाली, "दोन्हीपैकी एक करा. वीस मिनिटं राहिलीत. माझं पाकीट खाली जायचंय."

अप्पा पेन हातात धरून उभे होते. उत्तराने तो चेहरा ओळखला. शेषगिरीच्या खिडकीपाशी हाच होता, आणि त्याने वीस दिवस खाल्ले होते. आता खायला वीस दिवस नव्हते. तिचा संयम संपला. तिने टेबलावरून हात लांब करून अप्पांच्या हातातलं पेन हिसकावलं.

"द्या इकडे. मी पाठवणारी. मी करते सही."

"तू पाहिलेस?"

"नाही पाहिले! कुणीच पाहिले नाहीत! जगात कुणीच कुणाचं काही बघत नाही, अप्पा, तरी सगळं पोचतं!"

तिने पेनचं टोपण काढलं. कागदावर टेकवणार तेवढ्यात अप्पांनी तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"तू नको," ते म्हणाले.

"अप्पा, गाडी..."

"खोटी सही करायचीच असेल तर ती तुझी नको. तिकडे जाणारा तुझा कागद आहे हा." त्यांनी तिच्या बोटांमधून पेन सोडवून घेतलं. "माझ्या खूप सह्या झाल्या आहेत. चौतीस वर्षांच्या. त्यात एक खपून जाईल."

ते वाकले, आणि सही केली. नेहमीची वळणदार, तीन ओळींची जागा घेणारी सही नव्हती. लहानशी, घाईची, परक्या माणसाची वाटावी अशी होती. रेखाने तारीख घालायला सांगितली तेव्हा त्यांना ती विचारावी लागली. मग रेखाने मोठं पाकीट बंद केलं, पट्टी ओढली, पावती फाडली, आणि पाकीट खालच्या पोत्यात गेलं. ते पोत्यात पडताना अप्पा बघत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत होते, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

उत्तराने पावती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. वीस दिवसांचा राग अजून जागच्या जागी होता, पण त्याला धरायला आता हात पुरत नव्हते. शेवटी ती एवढंच म्हणाली, "चला अप्पा. बस भरेल."

दोघं जिना उतरले. दुर्गदबैलमध्ये संध्याकाळची गर्दी दाटली होती. हातगाडीवाले वाट देत नव्हते, रिक्षावाले घेत नव्हते. अप्पा तिच्या पुढे दोन पावलं चालत होते, हात मागे बांधून. पेट्या उतरवणाऱ्या एका गाडीपाशी ते एकदम थांबले आणि वळले.

"उत्तरा. सहाव्या सत्राचं पान आत असेल ना? मागच्या वेळी ते सगळ्यात मागे लावलं होतं. सुटण्यासारखं होतं."

"असेल की, अप्पा."

"असेल म्हणजे?"

उत्तराने डोळे मिटले. 'आहे' म्हणून टाकणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि हा माणूस आज रात्री झोपला असता. पण घरातून आजच्या दिवशी एक खोटं पोत्यात गेलं होतं, आणि ते कुणी उचललं होतं ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं. दुसरं तिच्याने होईना.

"असेल म्हणजे असेल," ती म्हणाली. "मी पाहिलेलं नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही."

अप्पांनी तिच्याकडे नीट बघितलं. कागदाकडे बघायचे तसं, वरून खालपर्यंत. मग मान हलवली, वळले, आणि हापूसच्या पेट्यांमधून वाट काढत निघाले. चार पावलं गेले असतील नसतील, परत थांबले.

"आणि सातव्याचं?"